पंख विकणारा इंजिनिअर : ओटो लिलिएन्थाल

विमानाचा शोध कोणी लावला असं विचारलं की शाळकरी पोरगंसुद्धा राइट बंधू म्हणून मोकळं होतं. पण राइट बंधूंच्या डोक्यात हा किडा ज्याच्यामुळे वळवळला, तो माणूस आपल्यासारखाच मेकॅनिकलवाला होता, हे फारसं कोणाला माहीत नसतं. त्याचं नाव ओटो लिलिएन्थाल. आज शनिवार-रविवारी कामशेतला पॅराग्लायडिंगच्या कोर्सला जाणाऱ्या मंडळींचा तो मूळ पुरुष म्हणायला हरकत नाही. डोंगरउतारावरून वाऱ्याच्या तोंडावर पळत सुटायचं आणि पंखाने वजन उचललं की पाय जमिनीवरून सोडायचे, ही पद्धत त्याने एकदा-दोनदा नव्हे तर हजारो वेळा करून दाखवली. एवढ्यावरच न थांबता त्याने एक ठरावीक मॉडेल तयार करून ते गिऱ्हाइकांना चक्क विकलं. आणि त्याच मॉडेलवरून पडून तो गेला. मग प्रश्न पडतो, की दुसऱ्याच्या हातात देण्याइतका तो पंख चांगला होता का?

ओटोचा जन्म २३ मे १८४८ चा, प्रशियातल्या आंक्लाम या छोट्या गावातला. वडील व्यापारी, पण ओटो तेरा वर्षांचा असतानाच ते वारले. धाकटा भाऊ गुस्ताव आणि ओटो ही जोडगोळी गावाबाहेरच्या कुरणात करकोचे बघत बसायची. करकोचा उडताना नेहमी वाऱ्याच्या दिशेने तोंड करून धावतो, हे त्यांनी तिथेच हेरलं. १८६२ च्या सुमारास दोघांनी फळ्यांचे पंख करून हातांना बांधले आणि टेकडीवरून पळून पाहिलं. तेही रात्री, कारण दिवसा केलं असतं तर वर्गातल्या पोरांनी हसून हसून हैराण केलं असतं! उडणं अर्थातच जमलं नाही.

पुढे पोट्सडॅमची व्यवसाय शाळा, बर्लिनच्या कारखान्यात प्रत्यक्ष काम आणि मग बर्लिनची गेवेर्बे अकादमी. तिथे त्याला शिकवायला होते फ्रान्झ रुलो, म्हणजे थिअरी ऑफ मशिन्सच्या पुस्तकात लिंक आणि पेअर वाचताना ज्यांचं नाव येतं तेच. १८७० च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात ओटो स्वयंसेवक म्हणून गेला, पॅरिसच्या वेढ्यात होता. परत आल्यावर नोकरी, १८७८ मध्ये आग्नेसशी लग्न, चार मुलं, आणि १८८३ साली बर्लिनमध्ये स्वतःचा कारखाना. त्यात छोटी वाफेची इंजिनं आणि नागमोडी नळ्यांचे बॉयलर बनत. बॉयलर फुटून माणसं मरण्याच्या त्या काळात हे बॉयलर सुरक्षित म्हणून खपत, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा. १८९० मध्ये त्याने कामगारांना नफ्यातला २५ टक्के वाटा द्यायला सुरुवात केली. शिवाय नाटकाचा नाद. गरिबांना परवडावं म्हणून दहा फेनिगच्या तिकिटाचं थिएटर चालवण्यात त्याचा हात होता आणि त्याने स्वतः एक नाटकही लिहिलं. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण एकांकिकेची तालीम करतो तेव्हा आठवायला बरा माणूस आहे.

या सगळ्या धबडग्यात मोजमापं चालूच होती. उभ्या दांड्यावर फिरणारा आडवा हात, त्याच्या टोकाला छोटा पंख, हात फिरवायचा आणि पंखावरचं उचलबळ व अवरोध मोजायचा. सपाट फळीपेक्षा किंचित बाक दिलेला पंख कितीतरी जास्त उचलतो, हे त्याला आकड्यांत दिसलं. हे सगळं १८८९ मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावरच्या त्याच्या पुस्तकात छापून आलं. लिफ्ट एका अक्षावर आणि ड्रॅग दुसऱ्या अक्षावर घेऊन आपण जो पोलर काढतो, त्याचं मूळ या पुस्तकात आहे. आपण तो जर्नलमध्ये मागच्या बॅचवरून उतरवतो, तो भाग वेगळा.

आता खरी गोष्ट. १८९१ मध्ये ओटो त्रेचाळीस वर्षांचा होता, पोराबाळांचा धनी आणि कारखान्याचा मालक. पंख घेऊन तो थेट कड्यावर गेला नाही. आधी घरामागच्या बागेत एक फळी उभारली, तीही मीटरभर उंचीची. तिच्यावरून पंखासकट उड्या. मग फळी थोडी वर. हात बसल्यावर त्याच वर्षी डेर्विट्झ गावाजवळच्या उतारावर गेला आणि तिथे सुमारे २५ मीटरपर्यंत तरंगला. आज पॅराग्लायडिंगच्या शाळेत पहिला दिवसभर सपाट मैदानावर नुसता पंख डोक्यावर उभा धरायला लावतात आणि पोरं कुरकुरतात, त्याची सुरुवात इथे आहे. १८९३ मध्ये ऱ्हिनोच्या टेकड्यांवर त्याची मजल २५० मीटरपर्यंत गेली. १८९४ मध्ये बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला त्याने १५ मीटर उंचीची मातीची टेकडी उभी करून घेतली. ती शंकूसारखी गोल का? तर वारा कुठूनही येवो, त्याच्या तोंडावर पळायला एक उतार हजर पाहिजे. वरच्या टोकात पंख ठेवायची खोली. इतका सरळ विचार केलेलं टेकऑफ क्वचितच बघायला मिळतं.

त्याच १८९४ सालात त्याचा नॉर्मल पंख तयार झाला. पंखांचा पसारा ६.७ मीटर, क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस मीटर, वजन २० किलोच्या आसपास, किंमत ५०० मार्क. सांगाडा विलोच्या लवचिक काठ्यांचा. विलो म्हणजे क्रिकेटची बॅट ज्या कुळातल्या झाडाची होते ते. त्यावर शर्टिंगचं सुती कापड ताणून बसवलेलं, वर-खाली तारांचे ताण. वटवाघळासारखा हा पंख मिटायचा, म्हणजे गाडीत टाकून नेता यायचा. मागे उभं आणि आडवं शेपूट. आडवं शेपूट बिजागरीवर वरच्या बाजूला मोकळं उचललं जायचं, खाली मात्र जात नसे. यामुळे उतरताना पंखाचं नाक वर करून वेग मारणं सोपं पडे. आजचा पायलट उतरताना दोन्ही ब्रेक खाली ओढतो ते याच कामासाठी. असे निदान नऊ पंख विकले गेल्याची नोंद आहे. गिऱ्हाइकं बघा, रशियाचे प्राध्यापक झुकोव्स्की, इंग्लंडचा पर्सी पिल्चर, अमेरिकेतला वृत्तपत्रांचा सम्राट हर्स्ट.

थोडं गणित करू. ८० किलोचा माणूस धरला तर एकूण वजन १०० किलो, भागिले १३, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ७.७ किलो. आजचा नवशिक्यांचा पॅराग्लायडर साधारण २५ चौरस मीटरचा असतो, माणूस आणि सामान मिळून ९० किलो धरले तर चौरस मीटरला ३.६ किलो, म्हणजे निम्म्याहून कमी. लिफ्ट कोइफिशंट दोन्हीकडे १ धरून समीकरणात टाका. ओटोला तरंगायला सेकंदाला ११ मीटर वेग हवा, पॅराग्लायडरला साडेसात. समोरचा वारा सेकंदाला पाच मीटर असेल तर एकजण जमिनीवरून सहाने पळतोय, दुसरा अडीचने. वीस किलोचा सांगाडा अंगावर घेऊन सेकंदाला सहा मीटर पळून बघा म्हणजे कळेल.

पण खरी गोम वजनात नव्हती, टांगण्यात होती. पॅराग्लायडरमध्ये माणूस पंखाच्या सहा-सात मीटर खाली दोऱ्यांना लटकतो, त्यामुळे लंबकासारखा आपोआप जागेवर येतो. ओटो मात्र कोपरं पंखाच्या चौकटीत अडकवून जवळजवळ पंखाच्या पातळीतच असायचा. कंबरेखालचा भाग तेवढा मोकळा. पंख उजवीकडे कलला की पाय डावीकडे फेकायचे, नाक वर गेलं की पाय पुढे. म्हणजे गुरुत्वमध्य हलवायचं सगळं काम दोन पायांनी करायचं. वाऱ्याचा झोत छोटा असला तर पाय पुरत, मोठा असला तर अपुरे पडत. हे त्याला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. १८९५ मध्ये त्याने दुमजली पंख केले ते यासाठीच. तेवढंच क्षेत्रफळ कमी पसाऱ्यात बसलं की पायांना जास्त वाव मिळतो. पंखाची टोकं वेगवेगळी हलवून वळण घेण्याचे प्रयोगही त्याने सुरू केले होते. झटपट निकालाची घाई मात्र त्याला कधी नसे.

१८९४ च्या एका उड्डाणात पंखाचं नाक वर गेलं, वेग संपला आणि पंख उलटून नाकावर आपटला. आपल्या भाषेत स्टॉल. पण या पंखाच्या पुढे ओटोने विलोची एक कमान बसवलेली होती. आपटताना ती कमान मोडून चक्काचूर झाली आणि जो धक्का मानेला बसायचा तो तिने खाल्ला. डोक्याला जखम आणि हात मुरगळणं एवढ्यावर निभावलं. स्वतः मोडून आतल्याला वाचवायचं, हे तत्त्व आज गाडीच्या पुढच्या भागात वापरतात आणि पॅराग्लायडरच्या खुर्चीखाली जो फोम किंवा हवेची पिशवी असते तिच्यातही. शंभर वर्षांपूर्वीच्या बॉयलरवाल्याला हे सुचलं होतं.

असं करता करता पाच वर्षांत त्याची सुमारे २,००० उड्डाणं झाली. एकेक उड्डाण काही सेकंदांचं, त्यामुळे सगळी बेरीज केली तरी हवेतला वेळ पाचेक तासच भरतो. या उड्डाणांचे फोटो निघाले आणि जगभर छापून आले. जाता जाता एक सांगतो. १८९५ सालीच गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. तिचा त्या काळातला पक्का पुरावा सापडत नाही. ओटोचे मात्र फोटो आहेत, मोजमापं आहेत, पेटंट आहे, खुद्द पंख आहेत. अभिमानाची गोष्ट बाजूला ठेवा, इंजिनिअरने कशावर विश्वास ठेवायचा ते उघड आहे.

९ ऑगस्ट १८९६, रविवार. ऱ्हिनोजवळच्या स्टोल्न गावची गोलेनबर्ग टेकडी. ऊन पडलेलं, वारा बेताचा. सोबत मेकॅनिक पाउल बेलिश. पंख नॉर्मल जातीचा, आणि त्या दिवशी त्याला पुढची कमान लावलेली नव्हती. सुरुवातीची उड्डाणं छान झाली. मग एका उड्डाणात पंख हवेतच थबकला. तापलेल्या जमिनीवरून उठलेल्या हवेच्या लोटाने नाक उचललं असावं असं मानतात. पॅराग्लायडिंगवाले ज्याला थर्मल म्हणतात आणि ज्याच्यामुळे नवशिक्यांना उन्हाळ्यात भर दुपारी उडू देत नाहीत, तोच हा प्रकार. ओटोने पाय पुढे फेकले, पण पुरले नाहीत. सुमारे १५ मीटरवरून पंख नाकावर कोसळला. मानेचा मणका मोडला. दुसऱ्या दिवशी त्याला आगगाडीने बर्लिनला प्रोफेसर बेर्गमानच्या दवाखान्यात नेलं आणि तिथे १० ऑगस्टला तो गेला. वय ४८. त्याच्या तोंडी बलिदानाचं एक वाक्य घालतात आणि ते त्याच्या थडग्यावरही कोरलेलं आहे. ते त्याने खरंच म्हटलं होतं याची खात्री नाही, आणि माझ्या मते ते त्याच्या स्वभावाशी जुळतही नाही. फळीची उंची हळूहळू वाढवणाऱ्या माणसाला बलिदानाची हौस नसते.

गिऱ्हाइकांपैकी पिल्चरही १८९९ मध्ये स्वतः बनवलेल्या ग्लायडरवरून पडून गेला, त्याचं शेपूट हवेत मोडलं. तिकडे अमेरिकेत ओटोच्या मृत्यूची बातमी राइट बंधूंनी वाचली आणि ते या विषयाकडे वळले. ओटोची कोष्टकं घेऊन त्यांनी पंख केले, ते अपेक्षेइतके उचलेनात, तेव्हा आधी त्यांना कोष्टकांचाच संशय आला. १९०१ मध्ये स्वतःचा विंड टनेल बांधून मोजल्यावर कळलं की कोष्टकं बरीचशी बरोबर आहेत, चूक आहे ती सगळे जण वापरत असलेल्या हवेच्या दाबाच्या जुन्या गुणांकात. पायांनी तोल सांभाळण्याची पद्धत मात्र त्यांनी सोडून दिली आणि पंखच पिळायची युक्ती काढली.

आजच्या नवशिक्यांच्या पंखाला युरोपात ए वर्गाचं प्रमाणपत्र लागतं. चाचणी घेणारा पायलट मुद्दाम पंखाची एक बाजू दुमडतो, आणि पायलटने काही न करता पंख स्वतःहून उघडून सरळ झाला तरच तो पास. कापड कोटिंग केलेलं रिपस्टॉप नायलॉन, दोऱ्या केव्हलर किंवा डायनीमाच्या. उन्हाने कापड सच्छिद्र होतं म्हणून ते ठरावीक काळाने तपासून घ्यायचं. ओटोच्या पंखाला अशी परीक्षा कोणी घेतलीच नव्हती. ती झाली १२० वर्षांनी. २०१६ मध्ये जर्मन एरोस्पेस सेंटरने नॉर्मल पंखाची हुबेहूब प्रतिकृती शिवून नेदरलँड्समधल्या मोठ्या विंड टनेलमध्ये टांगली. पंख मुळात स्थिर निघाला, नाकाच्या वर-खाली हालचालीतही आणि बाजूच्या कलण्यातही. म्हणजे डिझाइनमध्ये ढोबळ चूक नव्हती. शांत हवेत, कमी उंचीवर तो वापरण्याजोगा होता. दुपारच्या झोताला आवर घालण्याइतका ताबा मात्र त्यात नव्हता.

मूळ नॉर्मल पंख लंडन, वॉशिंग्टन आणि मॉस्कोच्या संग्रहालयांत आहेत. लिश्टरफेल्डच्या टेकडीवर १९३२ पासून स्मारक आहे. आणि स्टोल्नला, जिथे तो पडला त्याच टेकडीच्या पायथ्याशी, २३ ऑक्टोबर १९८९ ला पूर्व जर्मनीच्या वैमानिकांनी इल्युशिन ६२ हे चार इंजिनांचं अवाढव्य प्रवासी विमान साध्या गवताच्या पट्टीवर उतरवून ठेवलं. ते अजून तिथेच उभं आहे. त्याचं नाव लेडी आग्नेस, ओटोच्या बायकोवरून.