ताराबाई शिंदे : एकाच ग्रंथाची लेखिका

मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत थोरामोठ्यांचे पुण्यस्मरण करताना, जिने उभ्या आयुष्यात एकच पुस्तक लिहिले अशा एका लेखिकेचा परिचय वाचकांस करून द्यावा, असे आम्हांस वाटले. ‘स्त्रीपुरुषतुलना’ या निबंधाच्या कर्त्या ताराबाई शिंदे यांचे हे अल्पचरित्र होय.

ताराबाईंचा जन्म १८५० साली वऱ्हाडातील बुलढाणे येथे एका प्रतिष्ठित मराठा घराण्यात झाला. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे सरकारी कचेरीत नोकरीस होते व जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा निकटचा संबंध होता. मुलींनी अक्षर गिरविणेही लोकांस खपत नसे अशा त्या काळात त्यांनी आपल्या लेकीस मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. विवाहानंतरही ताराबाई माहेरीच राहिल्या. त्यांचे यजमान घरजावई होते. त्यांना मूलबाळ झाले नाही.

१८८१ साली सुरतच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला चालला. तीस फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य करण्यात आली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली. पुण्याच्या एका पत्रातील तसे लिखाण वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली. पन्नासेक पानांचा त्यांचा निबंध १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

जे दोष स्त्रीच्या माथी मारले जातात ते पुरुषांत किती आहेत, याचा हिशेब ताराबाईंनी एकेक करून मांडला. पत्नी वारल्यावर पुरुषाने दुसरे लग्न करावे आणि पती वारल्यावर स्त्रीने मात्र जन्मभर कोंडून घ्यावे, हा कोणता न्याय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. विधवेस फसविणारा पुरुष उजळ माथ्याने हिंडतो व शिक्षा तिला एकटीलाच होते, हे त्यांनी दाखवून दिले. शास्त्रकार, कथा-नाटककार, सभांतून भाषणे ठोकून घरी जुन्याच रीतीने वागणारे सुधारक, कोणाचीही त्यांनी गय केली नाही. भाषा घरगुती, ठसकेबाज व ठिकठिकाणी झोंबणारी आहे.

पुस्तकावर टीका झाली. जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’ मध्ये ताराबाईंची बाजू घेऊन टीकाकारांचा समाचार घेतला. परंतु त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. १९१० साली त्या निवर्तल्या. एवढी धारदार लेखणी अठ्ठावीस वर्षे मूक राहिली, ही मराठी वाङ्मयाची हानीच म्हणावयास हवी. पुढे १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी हा निबंध पुन्हा प्रकाशात आणला आणि त्र्याण्णव वर्षांनी ताराबाई मराठी वाचकांस नव्याने भेटल्या. १९९४ साली त्याचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रापासून दूर संसार थाटणाऱ्या आम्हांस या चरित्रात एक गोष्ट विशेष वाटते. खटला सुरतेत चालला, आरोपी स्त्री परक्या मुलखातली, परक्या जातीची. बुलढाण्यात बसलेल्या ताराबाईंनी तिचे दुःख परके मानले नाही.

आणखी एक विचार मनात येतो. आपल्याही घरांतून आई-आजींनी लिहिलेल्या वह्या ट्रंकेच्या तळाशी पडून असतील. त्या कोणी वाचल्या आहेत काय? ताराबाईंचे पुस्तक छापले गेले होते, म्हणून निदान सापडले तरी. मंडळाच्या पुढील वाटचालीत अशा वह्या उघडल्या जातील, तर ताराबाईंचे स्मरण खऱ्या अर्थाने सार्थकी लागेल, असे आम्ही मानतो.