सरखेल कान्होजी आंग्रे

विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटरांवर भर समुद्रांत एक पठार बुडालेलें आहे. त्याची लांबी सुमारें ४० किलोमीटर, रुंदी १५, आणि माथा पाण्याखालीं सुमारें २० मीटर. त्या माथ्यावर प्रवाळाची, म्हणजे पोवळ्यांच्या जातीच्या जीवांची, मोठी वस्ती आहे. कोंकणच्या किनाऱ्यालगतचें पाणी नद्यांच्या गाळानें गढूळ असतें. प्रवाळास तर सूर्यप्रकाश हवा. इतक्या दूरवर मात्र पाणी नितळ आहे. तेथें जाणाऱ्यास पाय ठेवावयास तसूभर जमीन नाहीं. बोटीवरच जेवावें, बोटीवरच निजावें, आणि पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी बांधून बुडी मारावी. खालीं अंगावरील दाब पृष्ठभागाच्या तिप्पट होतो. म्हणून वर येतांना घाई करणाऱ्याच्या रक्तांत वायूचे बुडबुडे होऊन जिवावर बेततें. २०१९ च्या अखेरीस शास्त्रज्ञांची एक तुकडी अशीच बोटीवर राहून तेथील पाहणी करून आली.

या जागेस नकाशांत आंग्रिया बँक म्हणतात. बँक म्हणजे येथें पैशाची पेढी नव्हे, समुद्रांतील उंचवटा. आणि आंग्रिया हें आंग्रे या आडनांवाचें इंग्रजी जिभेवर वळलेलें रूप होय. ज्या पुरुषाच्या नांवानें हें प्रवाळ ओळखिलें जातें, त्याचें चरित्र आपल्या करमाडसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गांवच्या मुलांसहि ठाऊक असावें.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. मूळ आडनांव संकपाळ. आंगरवाडी गांवावरून आंग्रे झालें. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या आरमारांत चाकरीस होते, त्यामुळें मुलाचें बालपण सुवर्णदुर्गाच्या आसपास, खाऱ्या वाऱ्यांतच गेलें. पुढें मोगलांचा जोर वाढला. १६८९ सालीं रायगड पडला. ज्या औरंगजेबाची कबर आपल्याजवळच्या खुलताबादेस आहे, त्याच्या फौजा मराठी मुलुखांत सर्वत्र पसरल्या, आणि समुद्राच्या बाजूनें जंजिऱ्याचा सिद्दी चालून आला. सुवर्णदुर्गास वेढा पडला असतां किल्लेदार शत्रूस वश होऊं लागला. तेव्हां तरुण कान्होजींनीं त्यालाच कैद करून किल्ला लढविला. एका हल्ल्यांत ते सिद्दीच्या हातीं सांपडले व निसटून पोहत किल्ल्यावर परतले, अशी हकीकत परंपरेनें सांगतात. सिधोजी गुजरांच्या मागें, १६९८ च्या सुमारास, आरमाराचें आधिपत्य व सरखेल हा किताब त्यांजकडे आला.

त्यांचें बळ मोठ्या जहाजांत नव्हतें. गुराबा आणि गलबतें हींच त्यांचीं साधनें. हीं उथळ तळाचीं असल्यानें खाडींत सहज शिरत, आणि वारा पडला म्हणजे वल्हीं मारणारीं गलबतें गुराबांस ओढून नेत. अवजड विलायती जहाज वाऱ्यावांचून खोळंबलें कीं हीं त्याच्या पिछाडीस येत, कारण तेथें तोफा थोड्या असत.

इंग्रजांचें व त्यांचें वैर कशावरून? परवान्यावरून. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतानें सरखेलांचें दस्तक घ्यावें व त्याचा आकार द्यावा, असा त्यांचा नियम होता. पोर्तुगीज लोक तरी दुसरें काय करीत होते? त्यांच्या परवान्यास कायदा म्हणावयाचें आणि कान्होजींच्या परवान्यास चांचेगिरी, हा न्याय मला तरी समजत नाहीं. ते छत्रपतींचे नेमलेले अधिकारी होते. वागणूक कठोर होती, हें खरें. १७१२ सालीं त्यांच्या लोकांनीं मुंबईच्या गव्हर्नराचें आल्जेरीन नांवाचें जहाज धरलें. त्या लढाईंत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला व त्याच्या तरुण पत्नीस कैद झाली. तीस हजार रुपये भरल्यावर तिची सुटका झाली. त्या बाईचें दुःख कोणत्याहि राजकारणानें हलकें होत नाहीं.

याच सुमारास घरांत दुफळी होती. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे. शाहूमहाराजांनीं धाडलेल्या बहिरोपंत पिंगळे पेशव्यांस त्यांनीं कैद केलें होतें. १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथांनीं सामोपचारानें बोलणें लावलें, आणि सरखेल शाहूंच्या पक्षास मिळाले. लढाईनें जें साधलें नसतें तें बोलण्यानें साधलें.

यानंतर इंग्रजांनीं १७१७ त विजयदुर्गावर, १७१८ त खांदेरीवर, १७२० त तरंगता तोफखाना बांधून पुन्हां विजयदुर्गावर हल्ले केले. सर्व फुकट गेले. १७२१ च्या अखेरीस पोर्तुगीजांस सोबत घेऊन आणि इंग्लंडच्या राजाचीं लढाऊ जहाजें आणून त्यांनीं कुलाब्यास वेढा दिला. बाजीराव पेशवे सरखेलांच्या मदतीस धांवले. पोर्तुगीजांनीं वेगळा तह केला, इंग्रज एकटे पडले आणि मोहीम फसली.

४ जुलै १७२९ रोजीं कान्होजी वारले. त्यांची समाधि अलिबागेस आहे. पुढें मुलांत कलह माजला. १७५६ सालीं त्यांचे पुत्र तुळाजी यांच्याविरुद्ध पेशवे व इंग्रज एक झाले, आणि ज्या विजयदुर्गापुढें इंग्रज दोनदां हरले होते तो पडला, आरमारहि जळालें. मराठ्यांच्या आरमाराचा तो घात मराठ्यांच्याच संमतीनें झाला.

मुंबईच्या ज्या जुन्या कोटांतून कंपनीचे गव्हर्नर कान्होजींवर मोहिमा धाडीत, तेथें आज भारतीय नौदलाचा तळ आहे. १९५१ पासून त्या तळाचें नांव आंग्रे असें आहे.