पन्नास वर्षांचा बिल्ला

अंदमानच्या सेल्युलर तुरुंगात विनायक दामोदर सावरकर यांच्या गळ्यात जो बिल्ला अडकवण्यात आला, त्यावर सुटकेचे वर्ष होते १९६०. डिसेंबर १९१० मध्ये राजाविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या कटाबद्दल एक जन्मठेप आणि ३० जानेवारी १९११ रोजी नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्या वधास साहाय्य केल्याबद्दल दुसरी. दोन्ही मिळून पन्नास वर्षे काळे पाणी. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस होते.

पहिल्या निकालाबरोबरच मालमत्ता जप्त झाली. १९०५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून मिळवलेली बी.ए.ची पदवी मुंबई विद्यापीठाने १९११ मध्ये काढून घेतली. लंडनच्या ग्रेज इनने तर खटल्याआधीच, १९०९ मध्ये, बॅरिस्टरीची सनद नाकारली होती. 'बॅरिस्टर' ही उपाधी मराठी माणसाने त्यांना सवयीने बहाल केली खरी. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांच्यापाशी सनदही नव्हती, पदवीही नव्हती.

अंदमानातून त्यांनी सरकारकडे अनेक अर्ज केले. त्यांतील मजकुरावरून आजही कडाक्याचे वाद झडतात. १९२१ मध्ये त्यांना हिंदुस्थानातील तुरुंगांत आणले गेले आणि ६ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याहून सुटका झाली, ती दोन अटींवर. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर परवानगीशिवाय पाऊल टाकायचे नाही आणि पाच वर्षे राजकारणात भाग घ्यायचा नाही, उघडपणे किंवा आडूनही नाही. त्याच वर्षी रत्नागिरीत प्लेग आला तेव्हा नाशिकला जाण्यासाठीदेखील सरकारची मंजुरी घ्यावी लागली.

पाच वर्षे संपली, पण बंधन संपले नाही. मुदत पुनःपुन्हा वाढत गेली. वकिलीचे दार बंद असल्याने चरितार्थाचा प्रश्न होताच. १९२९ पासून सरकार महिना साठ रुपये भत्ता देऊ लागले. ज्याने शिक्षा दिली, त्याच्याच हातून पोट भरण्याची ही पाळी. १९३४ मध्ये मुंबईत एका लष्करी अधिकाऱ्यावर गोळीबार झाला, तेव्हा रत्नागिरीतल्या सावरकरांनाही काही दिवस कोठडीत डांबण्यात आले. एकदा शिक्का बसलेल्या माणसाकडे संशय असा आपोआप वळतो. राजकारण वर्ज्य असल्याने ते अस्पृश्यतानिवारणाकडे वळले. १९३१ मध्ये सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर रत्नागिरीत उभे राहिले.

अखेर मे १९३७ मध्ये कूपर यांच्या हंगामी मंत्रिमंडळाने निर्बंध उठवले. पन्नास वर्षांची शिक्षा सत्तावीस वर्षांवर थांबली.

पदवीचे काय? स्वातंत्र्य आले, ज्या राजाविरुद्ध कट केल्याचा ठपका होता त्याचे राज्य गेले, तरी विद्यापीठाच्या दप्तरातील नोंद कायम राहिली. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. दिली. तेव्हा विद्यापीठाच्या लेखी हे डॉक्टर साधे पदवीधरही नव्हते! मुंबई विद्यापीठाने बी.ए. परत केली ती १९६० मध्ये, म्हणजे बिल्ल्यावरच्या वर्षीच. सावरकर तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.