रक्तातला तिसरा कण ओळखणारे डॉ. बिझोझेरो

पावसाळा सरत आला, की आमच्या अपघात विभागात तापाच्या रुग्णांची रीघ लागते. नातेवाईक सर्वांत आधी विचारतात तो प्लेटलेट्सचा आकडा. तो लाखाच्या खाली गेलेला दिसला, की रक्तपेढीला फोन सुरू होतात. ज्या कणांसाठी ही धावपळ चालते, ते एके काळी रक्तातला कचरा समजले जात. त्यांचे खरे काम दाखवून दिले ते इटलीतील डॉ. जूलिओ बिझोझेरो यांनी.

बिझोझेरो यांचा जन्म 1846 मध्ये उत्तर इटलीतील वारेसे येथे झाला. पाविया विद्यापीठातून ते 1866 मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी डॉक्टर झाले. त्याच वर्षी इटलीचे ऑस्ट्रियाशी युद्ध पेटले आणि या तरुणाने लष्करी डॉक्टर म्हणून सेवा केली. परतल्यावर ते सूक्ष्मदर्शकाकडे वळले. पावियातील त्यांच्या प्रयोगशाळेत कामिलो गॉल्जी हे वयाने त्यांच्यापेक्षा मोठे असलेले डॉक्टर शिकायला येत. याच गॉल्जींना पुढे 1906 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तपेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात, हे बिझोझेरो यांनी 1868 मध्ये मांडले. जर्मनीत एर्न्स्ट नॉयमान हेही त्याच सुमारास त्याच निष्कर्षावर आले होते. तिशी गाठण्यापूर्वीच बिझोझेरो तुरिन विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

रक्तातले बारीक कण त्यांच्याआधीही काहींनी पाहिले होते. जर्मनीच्या माक्स शुल्त्से यांनी 1865 मध्ये त्यांचे वर्णन केले होते, नंतर विल्यम ऑस्लर यांनीही. पण हे कण म्हणजे फुटलेल्या पांढऱ्या पेशींचे तुकडे, असेच अनेकांना वाटे. अडचण अशी होती, की रक्त शरीराबाहेर काढले की हे कण काही क्षणांत एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा मूळ आकारच उरत नाही. बिझोझेरो यांनी मग वाहते रक्तच पाहायचे ठरवले. गुंगी दिलेल्या छोट्या प्राण्यांच्या आतड्यालगतच्या पातळ पडद्यातील रक्तवाहिन्या त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. तेथे लाल आणि पांढऱ्या पेशींबरोबर हा तिसरा, स्वतंत्र कण वाहताना दिसला. मग त्यांनी वाहिनीच्या भिंतीला इजा केली. जखमेवर सर्वांत आधी धावून जाऊन चिकटले ते हेच कण. रक्तस्राव थांबवण्याची सुरुवात ते करतात, हे 1882 मध्ये जगासमोर आले.

पुढे डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना सूक्ष्मदर्शकापासून दूर व्हावे लागले. 1890 मध्ये ते सिनेटर झाले होते. उरलेली शक्ती त्यांनी सार्वजनिक आरोग्यासाठी वेचली आणि सामान्य वाचकांसाठीही लिहिले. 1901 मध्ये, वयाच्या 55 व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. मज्जेतील महाकाय पेशी त्यांनी पाहिल्या होत्या, पण प्लेटलेट्स त्यांच्यापासूनच तयार होतात हे अमेरिकेतील जेम्स होमर राइट यांनी दाखवले ते 1906 मध्ये. ते ऐकायला बिझोझेरो उरले नव्हते.

त्यांची दोन निरीक्षणे आजही अपघात विभागात रोज उपयोगी पडतात. पहिले, प्लेटलेट्स शरीराबाहेर एकमेकींना चिकटतात. कधी कधी नमुन्याच्या नळीतील रसायनामुळेही त्यांचे पुंजके होतात. यंत्र ते पुंजके मोजत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून रुग्ण ठणठणीत आणि आकडा मात्र चिंताजनक असेल, तर काचपट्टीवर रक्त पसरून डोळ्यांनी पाहावे आणि गरज पडल्यास वेगळ्या नळीत नमुना घेऊन पुन्हा मोजावे.

दुसरे, प्लेटलेटचे काम जखमेपाशी असते. म्हणून आकड्याइतकेच रुग्णाकडे पाहायला हवे. निरोगी माणसात एका मायक्रोलिटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे, दाबल्यावर न मावळणारे लाल ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौचास, पाळीत अतिरेकी रक्तस्राव ही धोक्याची चिन्हे आहेत. अचानक तीव्र डोकेदुखी किंवा गुंगी आली तर एक मिनिटही दवडू नये.

डेंग्यूमध्ये रक्तस्राव नसेल, तर साधारणपणे आकडा 10,000 च्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट्स चढवण्याची गरज पडत नाही. तेथे खरा घात होतो तो रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्याने, आणि तोही बहुधा ताप उतरल्यावर. पोटात खूप दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले, तर आकडा बरा असला तरी रुग्णालय गाठावे. तापासाठी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नये आणि स्नायूत इंजेक्शन टोचून घेऊ नये.

उलट, प्लेटलेट्स कमी करणाऱ्या काही दुर्मीळ आजारांत लहान रक्तवाहिन्यांत गुठळ्याच होत असतात. तेथे प्लेटलेट्स चढवणे घातक ठरू शकते. म्हणून पिशवी मागवण्याआधी आकडा का घसरला, हे शोधावे लागते. मज्जेत त्या तयार होत नाहीत, रक्तात नष्ट होत आहेत, की सुजलेल्या प्लीहेत अडकल्या आहेत? नातेवाईकांनी डॉक्टरांना आकड्याबरोबर हे कारणही जरूर विचारावे.