आसनावरचं प्रेम घरात आणणारे नाथमहाराज

दत्तजयंती आली की आपल्या ढाणकीच्या भागातली कितीतरी मंडळी पैनगंगा ओलांडून माहूरगडाची वाट धरतात. गडावर डोळे मिटले की मन भरून येतं. मग घरी आल्यावर सुनेच्या नाहीतर लेकाच्या एका शब्दाने तेच मन का भडकतं? याचं उत्तर जगून दाखवलं पैठणच्या श्रीएकनाथमहाराजांनी. आपण रोज म्हणतो ती दत्ताची आरती त्यांचीच, बरं का!

आईवडील लहानपणीच गेले, आजीआजोबांनी वाढवलं. कोवळ्या वयात नाथ देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत राहिले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी आणि थोर दत्तभक्त. एका पैची चूक शोधायला नाथ रात्रभर हिशेबाच्या वह्यांपुढे बसले, असं सांगतात. ती एकाग्रता स्वामींनी दत्तचरणी वळवली. शूलिभंजनच्या डोंगरावर नाथांनी अनुष्ठान केलं.

पण स्वामींनी त्यांना डोंगरावर ठेवून घेतलं नाही. तीर्थयात्रेनंतर पैठणला संसार करायला लावला. पत्नी गिरिजाबाईही तशाच शांत. काशीची कावड नाथांनी तहानेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, तापल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं लेकरू कडेवर घेतलं, अंगावर थुंकणाऱ्यावर न रागावता पुन्हा पुन्हा गोदास्नान केलं. या कथा आपल्या तोंडपाठ आहेत.

खरी कसोटी मात्र घरात लागली. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान. वडिलांनी मराठीत पुराण सांगावं, कुणाच्याही घरी जेवावं, हे त्याला पटेना. तो बायकोमुलांसह काशीला निघून गेला. उतारवयात नाथ स्वतः त्याला आणायला गेले. मराठी पुराण बंद आणि परान्नही बंद, या त्याच्या दोन्ही अटी त्यांनी मान्य केल्या. ज्यांनी १५७३ मध्ये मराठी भागवत पुरं केलं, १५८४ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, त्यांना हे किती जड गेलं असेल! पण लेक दुरावू नये म्हणून ते गप्प राहिले.

हरिपंडित संस्कृतात सांगू लागले, श्रोते आटले. पुढे एका गरीब बाईला सहस्रभोजनाचा नवस फेडायचा होता. तिच्या घरी हरिपंडितांनी स्वयंपाक केला आणि नाथ एकटेच जेवले. उष्टी पत्रावळ उचलावी तर खाली दुसरी, अशा हजार निघाल्या, असं परंपरा सांगते. लेकाचा अभिमान गळाला आणि नाथांचं मराठी पुराण पुन्हा सुरू झालं.

१५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला गोदातीरी नाथांनी देह ठेवला.

भाविकहो, परका माणूस घडीभर भेटतो, त्याला क्षमा करणं सोपं. रोज समोर असणाऱ्या, आपलं न ऐकणाऱ्या घरच्या माणसावर माया टिकवणं, हेच नाथांचं खरं अनुष्ठान. यंदा गडावरून येताना अंगाऱ्याच्या पुडीबरोबर तेवढं घरी आणू या.

श्रीगुरुदेव दत्त!