गिरगावातली रखमा

मैत्रिणींनो, नवऱ्याने बायकोला नांदायला येण्यासाठी कोर्टात खेचले आणि बायकोने नांदण्यापेक्षा तुरुंग बरा असे सांगितले, ही गोष्ट आजची वाटते ना? पण ती घडली सव्वाशे वर्षांहून जास्त काळापूर्वी, मुंबईत. ती बाई म्हणजे डॉ. रखमाबाई. शाळेच्या पुस्तकात आपण आनंदीबाई जोशींचे नाव वाचले, रखमाबाईंचे मात्र राहूनच गेले.

गेल्या हिवाळ्यात आमच्या महिला मंडळाच्या चौदा जणी धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला गेलो होतो. समुद्र आणि महालक्ष्मी बघायची होतीच, पण एका सकाळी आम्ही गिरगावात हेरिटेज वॉकही केला. म्हणजे माहितगार माणसाबरोबर पायी हिंडत जुनी वस्ती समजून घ्यायची. आमच्याबरोबरची मुलगी जेमतेम पंचविशीची, पण गल्लीगल्लीची माहिती तिला तोंडपाठ.

चर्नी रोड स्टेशनातून बाहेर पडले की दहा मिनिटांत खोताची वाडी लागते. अरुंद बोळ, लाकडी व्हरांडे, बाहेरून वर जाणारे जिने आणि कोपऱ्यावर क्रूस. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाने इथली जमीन ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिली, त्यावरून वाडीचे नाव पडले. ही मंडळी घरात मराठीच बोलतात बरं का! एकेकाळी इथे साठ-पासष्ट घरे होती, आता तीससुद्धा उरली नाहीत. जवळच पोर्तुगीज चर्च, थोडे पुढे केशवजी नाईकांची चाळ, जिथे 1893 पासून सार्वजनिक गणपती बसतो. पारशी, गुजराती, कोकणातले मराठी, ख्रिस्ती, सगळे एकमेकांच्या खिडकीला खिडकी लावून राहिले. प्रार्थना समाजाच्या मंदिरापाशी आलो तेव्हा ती मुलगी थांबली आणि म्हणाली, की रखमाबाई आपल्या आईबरोबर या समाजाच्या साप्ताहिक सभांना येत असत. मग तिने सगळी हकिगत सांगितली. घरी आल्यावर मी वाचनालयातून मिळेल तेवढे वाचून काढले.

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 चा. आई जयंतीबाई. चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी पदरात रखमा आणि सतराव्या वर्षी वैधव्य. पुढे जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार समाजात पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. त्याआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावावर करून दिली होती. सखाराम अर्जुन नामांकित डॉक्टर आणि वनस्पतींचे जाणकार. 1883 मध्ये मुंबईत निसर्ग अभ्यासकांची जी संस्था आठ जणांनी मिळून सुरू केली, त्यातल्या दोन भारतीयांपैकी ते एक. दुसरे प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग.

एवढ्या शिकलेल्या घरातसुद्धा रखमाचे लग्न अकराव्या वर्षी झाले! नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीसच्या आसपास. तो घरी राहून शिकेल, चांगला निघेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्याने शिक्षण सोडले, कर्ज करून ठेवले, तब्येतही बिघडवून घेतली. सखाराम अर्जुनांनी मात्र एक गोष्ट ठाम धरली. मुलगी लहान आहे, तिला इतक्यात नांदायला पाठवायचे नाही. रखमा माहेरीच राहिली आणि मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून घरच्या घरी शिकत गेली.

1884 मध्ये दादाजीने बायकोचा ताबा मिळावा म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. बघा हं, बायको म्हणजे जणू शेताचा तुकडा! 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. कळत्या वयात तिने हे लग्न मान्य केलेले नाही, तर तिला बळजबरीने पाठवता येणार नाही, असा त्याचा सारांश. देशभर गदारोळ उठला. धर्म बुडाला म्हणणारे पुष्कळ निघाले, लोकमान्य टिळकांच्या केसरीनेही विरोधात लिहिले. अपील झाले, खटला पुन्हा चालला आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली.

या काळात त्यांच्या पाठीशी कोण होते? कोर्टात काशिनाथ तेलंग उभे राहिले, तसे इंग्रज वकीलही. बेहरामजी मलबारी या पारशी संपादकांनी लेखणी झिजवली. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी पुढच्या शिक्षणासाठी धीर दिला. रखमाबाईंनी स्वतः एक हिंदू स्त्री या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात पत्रे लिहून बालविवाहाने मुलींचे काय होते ते मांडले. नातेवाइकांनी पाठ फिरवली तेव्हा वेगवेगळ्या जातीधर्माची माणसे धावून आली, हे मला फार मोलाचे वाटते. खोताची वाडी बघितली तेव्हा त्याचा अर्थ जास्त कळला. दहा तऱ्हेची माणसे शेजारी राहतात तिथे एकाच जातीचा शब्द शेवटचा ठरत नाही.

अखेर 1888 मध्ये तडजोड झाली. दादाजीला दोन हजार रुपये मिळाले आणि त्याने हक्क सोडला. 1889 मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या, 1894 मध्ये डॉक्टर झाल्या. परत येऊन त्यांनी सुरतेला बायकांच्या दवाखान्यात आणि पुढे राजकोटला मिळून सुमारे पस्तीस वर्षे रुग्णसेवा केली. त्यांच्या खटल्यामुळे पेटलेल्या चर्चेचा 1891 च्या संमती वयाच्या कायद्याला हातभार लागला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा झाले. आज हसू येईल, पण तेव्हा तेवढ्यासाठीही लढावे लागले. 1904 मध्ये दादाजी वारला, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. आमच्यातल्या काहींना हे पटले नाही, परतीच्या गाडीत यावर चांगला वाद रंगला! 25 सप्टेंबर 1955 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या मुंबईत गेल्या.

आता आपल्याकडे या. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी घरात आली की लग्नाच्या गोष्टी सुरू होतात. पोरगी नववी-दहावीत, गावात पुढची शाळा नाही, एसटीने पाठवायची भीती वाटते, मग उरकून टाका. गावोगाव फिरताना हे मी दरवर्षी ऐकते. आई वाईट नसते हो, ती घाबरलेली असते. तिला कायदा सांगून भागत नाही, सोबत लागते.

कायदा आहेच. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे मुलगी अठरा, मुलगा एकवीस. लहानपणी लग्न लागले असेल, तर मुलीला वयाची वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत ते कोर्टातून रद्द करून घेता येते. कुठे असे लग्न ठरल्याचे कळले तर 1098 वर फोन करा, नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. पण त्याआधी एक सोपे काम आहे. शेजारची पोर शाळेला एकटी जात असेल, तर तिच्यासोबत आणखी दोघींना जोडून द्या. तिच्या आईच्या ओट्यावर जाऊन बसा, मग ती जात कोणतीही असो. रखमाला सखाराम अर्जुनांसारखा बाप मिळाला आणि साऱ्या गिरगावचे वारे मिळाले. आपल्या गल्लीतल्या रखमेला निदान आपण तरी मिळायला हवे.