रेल्वे कारखान्यातल्या मेकॅनिकने कॉलेजची टीम ९ वर्षं हरू दिली नाही, मग वर्ल्डकपमध्ये इंग्लंडलाही पाणी पाजलं

१९५० च्या फुटबॉल वर्ल्डकपचं नाव काढलं की आपल्याकडे एकच चर्चा होते, भारताची टीम ब्राझीलला का गेली नाही? बूट नव्हते म्हणून गेली नाही ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलीय आणि ती कितपत खरी यावर वादही भरपूर झालेत.

पण त्याच वर्ल्डकपला एक भन्नाट टीम पोचली होती. गोलकीपर मयताची गाडी चालवायचा. एक डिफेंडर पोस्टमन होता. एक जण शाळेत मास्तर, तर ज्याने गोल मारला तो शिकता शिकता न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायचा.

ही टीम होती अमेरिकेची आणि तिने इंग्लंडला हरवलं.

या मॅचवर पुढे पुस्तकं आली, २००५ साली सिनेमाही आला. पण टीमच्या कोचबद्दल फार कुणी बोलत नाही. त्यांचं नाव बिल जेफ्री. आणि खरं सांगायचं तर नॅशनल टीम हे त्यांचं मूळ काम नव्हतंच. ते होते कॉलेजचे कोच.

बिल जेफ्री यांचा जन्म १८९२ चा, स्कॉटलंडच्या एडिनबरामधला. पोराला फुटबॉलचं वेड. असं सांगतात की खेळताना दुखापत झाली तेव्हा आईने ठरवलं, याला या खेळापासून लांब ठेवायचं. म्हणून त्याला अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अल्टूना गावी नातेवाईकाकडे धाडून दिलं.

आईचा प्लॅन मात्र फसला.

अल्टूना म्हणजे रेल्वेचं गाव. पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनीचे मोठमोठे कारखाने तिथे होते. जेफ्री तिथे मेकॅनिक म्हणून लागले. पण त्या काळी अमेरिकेत फुटबॉल जिवंत होता तो अशाच कारखान्यांमध्ये, युरोपातून आलेल्या कामगारांमुळे. कंपन्यांच्या आपापल्या टीम असायच्या. जेफ्री दिवसा कारखान्यात राबायचे आणि मग मैदानात उतरायचे. आधी खेळाडू म्हणून आणि नंतर कोच म्हणून.

अल्टूनापासून जवळच पेन स्टेट कॉलेज होतं. १९२६ साली कॉलेजने त्यांना सॉकर टीमचे कोच म्हणून घेतलं. पण नुसतं कोच म्हणून नाही. मैदानाबरोबरच इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमध्ये पोरांना शिकवायचं कामही त्यांच्याकडे होतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अमेरिकेत फुटबॉल म्हटलं की हेल्मेट घालून खेळतात तो खेळ. कॉलेजांचा पैसा, गर्दी आणि प्रसिद्धी सगळं त्याच्याच वाट्याला. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो तिथे सॉकर, एका कोपऱ्यातला खेळ. आज कॉलेज सॉकरची देशपातळीवरची जी स्पर्धा होते, ती सुरूच झाली १९५९ साली. त्याआधी बहुतेक वर्षं बाद फेऱ्या नाहीत, फायनल नाही. सीझन संपला की कॉलेजांची संघटना कामगिरी बघून चॅम्पियन जाहीर करायची.

आणि पेन स्टेटचं नाव त्यात वारंवार यायचं.

१९३२ ते १९४१ या काळात जेफ्री यांची टीम सलग ६५ मॅच एकदाही हरली नाही. कॉलेजची टीम म्हणजे दर काही वर्षांनी सगळी पोरं पास होऊन बाहेर पडणार आणि नवी येणार. म्हणजे हा विक्रम खेळाडूंच्या एका फळीचा नव्हता. पोरं बदलत राहिली, कोच तेवढा तोच होता. पेन स्टेटमधल्या त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचा हिशोब सांगतो १५३ विजय, २४ पराभव आणि २९ बरोबरी.

पुढे १९५० उजाडलं. वर्ल्डकप दोन आठवड्यांवर आला असताना अमेरिकेच्या टीमची जबाबदारी जेफ्री यांच्याकडे आली.

टीम म्हणजे वेगवेगळ्या शहरांतून गोळा केलेले अर्धवेळ खेळाडू. एकत्र सराव जवळपास नाहीच. निघण्याआधी न्यूयॉर्कमध्ये पाहुण्या इंग्लिश संघाशी एक मॅच झाली, ती १-० ने हरले. ब्राझीलमध्ये पहिल्या मॅचला स्पेनविरुद्ध बराच वेळ आघाडीवर राहिले, पण शेवटच्या काही मिनिटांत ३-१ ने गेले.

पुढची मॅच २९ जूनला, बेलो होरिझोंटे शहरात, इंग्लंडशी.

इंग्लंड पहिल्यांदाच वर्ल्डकप खेळत होतं, पण फुटबॉलचे राजे आपणच अशी त्यांची समजूत. टॉम फिनी, बिली राइट, आल्फ रॅमझी अशी एकाहून एक नावं टीममध्ये. स्टॅनली मॅथ्यूजसारख्या स्टारला तर त्यांनी आराम दिला होता. आपल्या टीमला काही संधी नाही, असं मॅचआधी खुद्द जेफ्री यांनीच पत्रकारांना सांगून टाकलं होतं.

तरी त्यांनी एक डाव टाकला. कॅप्टन असायचा तो शाळामास्तर वॉल्टर बार. पण या मॅचसाठी जेफ्री यांनी कॅप्टन केलं एड मॅकइल्व्हेनीला. कारण? मॅकइल्व्हेनी स्कॉटलंडचा. इंग्लंडला हरवण्यात स्कॉटिश माणसाला काय सुख मिळतं, हे एडिनबराच्या जेफ्री यांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

पहिल्या हाफमध्ये इंग्लंडने हल्ल्यावर हल्ले केले. बॉल कधी गोलपोस्टला लागला, कधी गोलकीपर फ्रँक बोर्गीने अडवला. ३८ व्या मिनिटाला बारने लांबून शॉट मारला, जो गाएट्येन्सने त्यावर डोकं लावलं आणि बॉल जाळ्यात. उरलेला सगळा वेळ इंग्लंड धडका देत राहिलं, पण स्कोअर बदलला नाही. १-०.

ब्राझीलच्या प्रेक्षकांनी खेळाडूंना खांद्यावर घेतलं. अमेरिकेत मात्र सामसूम. मॅचला हजर असलेला एकमेव अमेरिकन पत्रकार डेंट मॅकस्किमिंग, तोही सुट्टी काढून स्वतःच्या खर्चाने आलेला.

पुढच्या मॅचला चिलीने ५-२ ने हरवलं आणि अमेरिका स्पर्धेबाहेर गेली. पुन्हा वर्ल्डकप खेळायला तिला १९९० साल उजाडावं लागलं.

जेफ्री परत आपल्या कॉलेजात आले. १९५१ साली अमेरिकेच्या सॉकर हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव गेलं. त्याच वर्षी परराष्ट्र खात्याने पेन स्टेटच्या टीमला सदिच्छा दौऱ्यावर इराणला पाठवलं. १९५२ च्या सीझननंतर त्यांनी पेन स्टेट सोडलं आणि १९६६ साली त्यांचं निधन झालं.

त्या मॅचचा विषय निघाला की आजही गाएट्येन्सचा गोल आणि बोर्गीचे सेव्ह आठवले जातात. इंग्लंडला हरवणाऱ्या टीमबरोबर जेफ्री जेमतेम काही आठवडे होते. पेन स्टेटमध्ये ते २६ वर्षं होते आणि त्यांची खरी कमाई तिथली.

विशेष म्हणजे त्या टीममधल्या दोघांनी पुढे हीच वाट धरली. पोस्टमन हॅरी कीओ सेंट लुईस युनिव्हर्सिटीचा कोच झाला आणि त्याने ५ वेळा कॉलेज चॅम्पियनशिप जिंकली. आणि ज्याची कॅप्टनशिप जेफ्री यांनी त्या दिवशी दुसऱ्याला दिली होती, तो वॉल्टर बार १९७४ साली कोच म्हणून रुजू झाला तो थेट पेन स्टेटमध्येच. तिथल्या सॉकरच्या मैदानाला तेव्हा नाव होतं, जेफ्री फील्ड. ते आजही तेच आहे.